घाटात दमणारा वायपर आणि निपाणीची तंबाखू

पावसात वायपर बंद पडला तर काचेला तंबाखू चोळायची, हे निपाणी-बेळगाव पट्ट्यातल्या जुन्या ड्रायव्हरला कुणी शिकवावं लागत नाही. चिमूटभर तंबाखू तळहातावर घ्यायची, चुना न घालता पाण्याच्या चार थेंबांत मळायची आणि तो ओला गोळा स्टिअरिंगसमोरच्या काचेवर बाहेरून, वरून खाली असा फिरवायचा. आधी तपकिरी ओघळ येतात, काच आणखीच घाण झाल्यासारखी वाटते. पाऊस तो रंग धुऊन नेतो. मग मात्र काचेवर थेंब धरत नाहीत. पाणी सलग खाली सरकत राहतं आणि रस्ता दिसायला लागतो.

हा तोडगा वायपर मोडल्यावर सुचला असणार, असं सगळेच धरून चालतात. माझं म्हणणं वेगळं आहे. तंबाखू काचेवर आली ती वायपर धडधाकट असताना.

वायपरचा सर्वज्ञात इतिहास थोडक्यात असा. अमेरिकेतल्या अलाबामाच्या मेरी अँडरसन यांनी न्यूयॉर्कच्या हिमवर्षावात ट्रामचालकाचे हाल पाहिले आणि 10 नोव्हेंबर 1903 रोजी हातानं फिरवायच्या वायपरचं पेटंट मिळवलं. इंग्लंडचे ग्लॅडस्टन ॲडम्स 1908 चा फुटबॉलचा अंतिम सामना पाहून न्यूकॅसलला परतताना बर्फात सापडले, त्यांचं पेटंट 1911 चं. योझेफ हॉफमन या पियानोवादकाला मेट्रोनोमचा काटा पाहून वायपर सुचला, अशीही एक कथा सांगतात. ती ऐकायला गोड आहे, पण मला पटत नाही. पहिले वायपर लयीत हलतच नव्हते. आत बसलेला माणूस दांडी ओढेल तेव्हा ते हलायचे.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. हाताचा वायपर आपोआप हलू लागला तो बहुतेक गाड्यांत विजेवर नव्हे, इंजिनाच्या ओढीवर. पेट्रोल इंजिन कार्बोरेटरमधून हवा ओढतं तेव्हा मॅनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते. तिथून एक रबरी नळी काचेजवळच्या छोट्या डबीत नेली, की डबीतलं पातं इकडून तिकडे झुलतं आणि वायपर हलतो. स्वस्त आणि सुटसुटीत, पण एक खोड मुळातलीच. ॲक्सिलरेटर दाबला की थ्रॉटल उघडतो आणि पोकळी नाहीशी होते. म्हणजे सपाटीला वायपर चालतो, उताराला सपासप पळतो आणि चढाला, गाडी जोर लावत असते नेमकी तेव्हा, दमून थांबतो. ड्रायव्हर क्षणभर पाय उचलायचा, वायपर एक फेरा मारायचा, तेवढ्यात गाडीचा जोर जायचा.

आता हीच गाडी आपल्या भागात आणा. निपाणीहून राधानगरीमार्गे देवगडला उतरायचं तर फोंडा घाट, बेळगावहून सावंतवाडीला जायचं तर आंबोली. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या वर पाऊस. दुसऱ्या महायुद्धानंतर डिस्पोजलमध्ये निघालेले पेट्रोल ट्रक आणि 1947 नंतर महिंद्रांनी जुळवायला घेतलेल्या विलीज जीपा, हा त्या काळचा गाडीमेळा. कोकणातून वर येताना सगळा चढ आणि सगळा पाऊस एकाच ठिकाणी. इथे मिस्त्रीकडे जाऊन काही उपयोग नाही, कारण मोडलेलं काहीच नाही. घाट संपला की वायपर पुन्हा चालणार. हवा होता फक्त घाटापुरता उपाय, आणि तो खिशातच होता.

याला दोन प्रतिपक्ष आहेत. पहिला बटाट्याचा. बेळगावची बटाट्याची पेठ मोठी, कापलेला बटाटा काचेला चोळला तरी पाणी सलग वाहतं. मान्य. पण त्यासाठी गाडीत बटाटा हवा, सुरी हवी. तंबाखूची चंची ड्रायव्हर झोपतानासुद्धा दूर ठेवत नसे.

दुसरा पक्ष तगडा आहे. वायपर येण्याआधी पाश्चात्त्य मोटारवाले कांदा किंवा गाजर काचेला घासायचे. तेव्हा ही युक्ती बेळगावच्या लष्करी छावणीतल्या साहेबांबरोबर आली आणि इथे फक्त कांद्याच्या जागी तंबाखू बसली, असं म्हणता येतं. कल्पना बाहेरून आली असेलही. पण उसनी युक्ती टिकते ती गरज रोजची असेल तर, आणि ती गरज घाटानं पुरवली. पुढे काही गाड्यांच्या पेट्रोल पंपाला पोकळी राखणारा जादा पडदा जोडला गेला, म्हणून चढालाही वायपर चालायचे, असाही आक्षेप निघतो. पण रबरी पडदा फाटला की दोष पुन्हा जागेवर येतो.

आणि तंबाखूच का, याचं उत्तर शेतात आहे. तंबाखूचा शेंडा खुडणाऱ्या बायकांचे हात चिकानं काळे पडतात आणि तो चीक नुसत्या पाण्यानं निघत नाही. पानावरच्या लवेतून तो पाझरतो. त्यात साखरेची एस्टर द्रव्यं असतात आणि ती पाण्याचा पृष्ठताण कमी करतात. ताण मोडला की थेंब गोल राहत नाही, पसरतो. काचेवरची करामत याच चिकाची, असं माझं ठाम मत आहे. या मुलखाशी या पानाची ओळखही जुनी. असद बेग हा मोगल वकील 1604-05 च्या सुमाराला अकबरासाठी तंबाखू घेऊन गेला तो विजापूरहून, आणि बेळगावचा हा मुलूख तेव्हा आदिलशाहीतच होता.

डिझेल गाड्या आल्या आणि पोकळीचा वायपर गेला, कारण डिझेल इंजिनाला सहसा थ्रॉटलच नसतो. वायपरला विजेची मोटर आली. तरी जुन्या पिकअपचा ड्रायव्हर अजून म्हणतो, ‘मिस्त्री, चढाला वायपर दमतोय.’ ही आठवण जुन्या यंत्राची आहे. विजेचा वायपर चढानं दमत नाही. तो हळू चालत असेल तर बॉनेटखालची अर्थिंगची वायर गंजलेली असते किंवा स्पिंडलमधलं ग्रीस वाळलेलं असतं. मोटर गुणगुणते पण दांड्या हलत नाहीत, तर लिंकेजचं बुश झिजून सुटलं. एकच दांडी हलते, तर दुसरीचा नट ढिला होऊन ती आपल्या दात्यांवर घसरते आहे. मोटरचा आवाजच नाही, तर आधी फ्यूज, मग स्विच, शेवटी मोटरचे कार्बन. बटण बंद केल्यावर वायपर काचेच्या मध्येच थांबत असेल तर मोटरमधला पार्किंगचा कॉन्टॅक्ट गेला. आणि सगळं ठीक असून काच धूसर राहते, तेव्हा ब्लेडचं रबर उन्हानं कडक झालेलं असतं. तिथे रबर बदलणं एवढाच इलाज. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 101 वा नियम चालू स्थितीतला वायपर मागतो. तंबाखू गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतीच.

माझ्या तर्काची कसोटी मात्र अजून घेता येईल. ज्यांच्या घरात पेट्रोल ट्रक किंवा जुनी जीप चालवलेले आजोबा, मामा हयात आहेत, त्यांनी एवढंच विचारावं: तंबाखू चोळायची वेळ कुठे यायची, चढाला की उताराला? आणि जे उत्तर येईल ते गाडीच्या नावासकट लिहून ठेवावं.