सैराट : चित्रपटातील सिंफनी संगीत

‘सैराट’ (प्रदर्शन : २९ एप्रिल २०१६) या मराठी चित्रपटाला अजय-अतुल यांनी दिलेले संगीत. दिग्दर्शक नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची आणि गावाकडचे बरेचसे चित्रीकरण करमाळा तालुक्यातले. या मुलखातल्या प्रेमकथेला पाश्चात्त्य अभिजात धर्तीचा भलामोठा वाद्यवृंद लाभला, हे या संगीताचे वेगळेपण. वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसजवळ कल्व्हर सिटी येथील सोनी स्कोअरिंग स्टेजवर झाले. भारतीय चित्रपटासाठी तिथे असे ध्वनिमुद्रण होण्याची ही पहिलीच वेळ.

पाश्चात्त्य सिनेमात तयार ऑपेरातला तुकडा उचलून प्रसंगावर ठेवण्याची रीत जुनी आहे. ‘अपोकॅलिप्स नाऊ’मध्ये (१९७९) हेलिकॉप्टरांच्या हल्ल्यावर वॅग्नर वाजतो, ‘द शॉशँक रिडेम्प्शन’मध्ये (१९९४) तुरुंगाच्या कर्ण्यांतून मोझार्टचा ऑपेरा ऐकू येतो आणि मैदानातले कैदी जागच्या जागी थबकतात. आपल्याकडे तुकडा चालीत मुरवला गेला : सलील चौधरींनी ‘छाया’तील (१९६१) एका युगुलगीताची चाल मोझार्टच्या ४०व्या सिंफनीवरून बांधली. ‘सैराट’मध्ये अशी उसनवारी नाही. चाली इथल्या, गाण्यांची बोली इथली. मागे उभा राहतो तो व्हायोलिन-चेलोंचा ताफा, ब्रास आणि हार्प. अजय-अतुल या गोगावले बंधूंनी संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही, हेही इथे नोंदवायला हवे.

गाणी चारच. त्यांतल्या ‘याड लागलं’चे नावच सोलापुरी, पुण्याकडे त्याला ‘वेड’ म्हणतील. मासेमाराच्या पोराला, परश्याला, पाटलाची पोरगी आर्ची आवडते, एवढीच गोष्ट. पण तंतुवाद्यांची लाट उठते आणि पडद्यावरचे पाणी, विहीर, ऊस हे सगळे एखाद्या महाकाव्यातले वाटू लागते. एवढा डौल हिंदी सिनेमा एरवी राजवाड्यांसाठी राखून ठेवतो. काहींना हा थाट परका वाटतो. तो परका आहेच, आणि म्हणूनच लागू पडतो : विशीतही न पोचलेल्या दोन पोरांना आपले प्रेम एवढेच मोठे वाटत असते. ‘झिंगाट’ची तऱ्हा निराळी, ते वरातीचेच गाणे, आणि वरातींनी ते लगेच उचललेही.

चारही गाणी पूर्वार्धात संपतात. आर्ची-परश्या हैदराबादेत पोचल्यावर एकही गाणे नाही. झोपडपट्टीतली खोली, डोशाची गाडी, बाटल्यांचा कारखाना, भाषा न कळणारी माणसे : इथे कुणी गात नाही. दिलेले संगीत काढून घेणे, ही या चित्रपटाची सर्वांत धाडसी सांगीतिक निवड म्हणावी लागेल. समीक्षेत मात्र चर्चा झाली ती मुख्यतः ‘झिंगाट’ची आणि शंभर कोटींच्या गल्ल्याची. हिंदी रिमेक ‘धडक’ने (२०१८) अजय-अतुल यांच्याच चाली उदयपूरला नेल्या, चाली गेल्या, करमाळा इथेच राहिला.

शेवटच्या प्रसंगात आर्ची-परश्याचे लहानगे मूल रक्ताच्या पावलांनी घराबाहेर येते. ते रडताना दिसते. ऐकू काहीच येत नाही.