मुंबई–कराची हवाई मार्ग
अरबी समुद्राच्या किनाऱ्यावरील या दोन बंदरांना जोडणारा हवाई मार्ग. भारतातील नियमित हवाई टपालसेवेचा प्रारंभ याच मार्गाने झाला. कराची मुंबईच्या वायव्येस असून दोन्ही विमानतळांमधील सरळ अंतर सु. ८८० किमी. आहे. कराचीसह सर्व सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. साहजिकच शासन, व्यापार आणि शिक्षण या सर्वांचे धागे मुंबईशी जुळलेले होते. कराचीत मराठी भाषकांची वस्तीही होती. तेथील जुनी प्रशाला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते.

विमानापूर्वी हा प्रवास आगबोटीने किंवा अहमदाबादमार्गे मोठा वळसा घेणाऱ्या रेल्वेने होई. विलायतेची टपाल तर आगबोटीने थेट बॅलार्ड पिअर येथे उतरे. १९२९ मध्ये इंपीरियल एअरवेजने लंडन–कराची सेवा सुरू केली, तेव्हा पत्रे सु. सात दिवसांत कराचीस येऊ लागली. मात्र पुढे मुंबईपर्यंत ती जमिनीवरच रखडत. ही उणीव टाटा सन्सच्या विमानसेवेने भरून काढली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा पुस मॉथ जातीचे एक एंजिनाचे लहान विमान घेऊन सकाळी ६·३५ वाजता कराचीहून निघाले. वाटेत अहमदाबादेस बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतील इंधन भरून दुपारी १·५० वाजता ते जुहू येथे उतरले. म्हणजे थांब्यासह सव्वासात तास लागले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेली. जुहूचे मैदान पावसाळ्यात निरुपयोगी होत असल्याने त्या काळात पुण्याहून उड्डाणे होत. पहिल्या उड्डाणाच्या स्मरणार्थ टाटा यांनी १९६२ मध्ये व पुन्हा १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, याच मार्गाने स्वतः विमान चालविले.

फाळणीनंतर एका इलाख्यातील जुना मार्ग आंतरराष्ट्रीय ठरला. सिंधमधून निघालेली असंख्य कुटुंबे मुख्यतः आगबोटींनी, तर काही विमानाने मुंबईस आली. त्यांपैकी अनेकांना कल्याणजवळच्या छावण्यांत आसरा मिळाला व त्यांतूनच उल्हासनगर वसले. कराचीतील मराठी कुटुंबांपैकीही पुष्कळ याच वाटेने परतली.

जेट विमानाने हे अंतर सु. दीड तासाचे झाले. पण वेग वाढला म्हणून वाट सुलभ झाली असे म्हणता येत नाही. १९६५ च्या युद्धात वाहतूक थांबली. १९७१ च्या जानेवारीत भारतीय विमानाचे अपहरण करून ते लाहोरला नेण्यात आले, त्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. संबंध पूर्ववत होण्यास १९७६ साल उजाडले. २००२ ते २००३ ही दोन वर्षे आणि २०१९ मधील काही महिनेही असेच गेले. एप्रिल २०२५ मध्ये उभय देशांनी एकमेकांच्या विमानांना पुन्हा मज्जाव केला. थेट सेवा नसताना प्रवाशास सामान्यतः दुबईमार्गे जावे लागते. त्या वाटेने ८८० किमी.चे अंतर तीन हजार किमी.हून अधिक भरते आणि विमानतळावरील खोळंबा धरता, १९३२ च्या त्या लहानशा विमानाला लागलेल्या सव्वासात तासांपेक्षाही बहुधा अधिक वेळ जातो.