चॅरिटी सायकल राईड: मधुमेह, बीपी किंवा हृदयविकार असताना भाग घ्यावा का?

थंडी सुरू झाली की आपल्या शहरात रविवारी पहाटेच्या सायकल राईडचे बेत ठरू लागतात. काही नुसत्या व्यायामासाठी असतात, तर काही एखाद्या कामासाठी निधी गोळा करायला किंवा जनजागृतीसाठी काढल्या जातात. या दिवसांत क्लिनिकमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "डॉक्टर, मला शुगर आहे, नाव देऊ का?" बहुतेकांना माझे उत्तर "द्या" असेच असते. पण ते देण्याआधी मी गोळ्यांची चिठ्ठी बघायला मागतो.

नेहमीच्या सायकलिंगपेक्षा यात वेगळे काय?

एखाद्या कारणासाठी सायकल चालवणे आपल्याकडे नवे नाही. १९८५ मध्ये बाबा आमटे यांनी कन्याकुमारी ते काश्मीर अशी 'भारत जोडो' यात्रा काढली, त्यात तरुण-तरुणी सायकलवर होते. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना स्वतःला सायकल चालवणे शक्य नव्हते. ते सोबतच्या वाहनात झोपून प्रवास करत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांचा संघ करून 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली, तीही आदिवासींच्या नेत्रोपचाराचा विषय पुढे ठेवून. अशा शर्यतीमागे दीर्घ सराव असतो, सोबत मदतीची गाडी असते.

आपल्या रविवारच्या राईडमध्ये मात्र कॉलेज सुटल्यापासून सायकलला हात न लावलेले पन्नाशीचे गृहस्थही असतात. शिवाय मनावर एक ओझे असते. मित्रांनी पैसे दिलेले असतात, कधी टी-शर्टवर गेलेल्या वडिलांचे नाव असते. मग छातीत आवळल्यासारखे झाले तरी माणूस बोलत नाही, "आता कसे थांबू?" म्हणून पायडल मारत राहतो. म्हणून नाव नोंदवतानाच कमी अंतराचा टप्पा निवडा आणि देणगी देणाऱ्यांना तसे आधीच सांगून ठेवा. दौलताबादपर्यंत जाऊन परत फिरलात तरी निधी द्यायचा तेवढा देता येतो.

मार्ग आणि सराव

शहरातून नगर नाका, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटामार्गे दौलताबाद साधारण १५ किलोमीटर आहे, वेरूळ सुमारे ३०. अंतरावर जाऊ नका, खरी परीक्षा दौलताबादच्या पुढच्या घाटात आहे. सपाटीवर आरामात चालणारे हृदय चढावर अचानक जास्त काम करते. परतीच्या उतारावर वेगळा धोका, कारण रस्ता अरुंद आहे आणि दिल्ली दरवाजापाशी वाहने अडकलेली असतात. ब्रेक आदल्या दिवशीच तपासून घ्या. हेल्मेटशिवाय राईड नको, यावर माझ्याकडे सूट नाही.

सराव निदान सहा ते आठ आठवडे आधी सुरू करावा. आठवड्यातून तीन दिवस, सुरुवातीला अर्धा तास, आणि दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत न्यायचे. वेग किती असावा? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतका. बोलताना धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. सीटची उंचीही बघा. पायडल सर्वात खाली असताना गुडघा थोडासाच वाकलेला राहिला पाहिजे. सीट फार खाली असल्यामुळे गुडघे दुखतात आणि दोष संधिवाताला दिला जातो, हे मी नेहमी पाहतो.

मधुमेह असेल तर

नुसते मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर राईडमध्ये धोकादायक पातळीला उतरणे क्वचितच घडते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या घेणाऱ्यांची मात्र झपाट्याने उतरू शकते. त्या दिवशीचा डोस किती कमी करायचा हे तुमच्या डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारा, स्वतः ठरवू नका. इन्सुलिन मांडीत टोचत असाल तर राईडच्या सकाळी पोटावर घ्या, कारण चालत्या पायातून ते लवकर शोषले जाते आणि साखर अपेक्षेपेक्षा आधी घसरते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकतात. त्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

निघण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर साखर बघा. ९० च्या खाली असेल तर आधी केळे किंवा बिस्किटे खा आणि थोड्या वेळाने पुन्हा तपासा. २५० च्या वर असेल आणि मळमळ किंवा पोटदुखी असेल तर निघू नका. खिशात साखर किंवा ग्लुकोज पावडर हवीच. हात थरथरणे, घाम, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे दिसली तर सायकल बाजूला घेऊन तीन चमचे साखर खा, १५ मिनिटे थांबा, पुन्हा तपासा. सायकल चालवताना घाम येणारच, म्हणून हे लक्षण सहज निसटते. सोबतच्या एकाला तरी तुमच्या मधुमेहाची माहिती असू द्या.

घरच्यांसाठी एक गोष्ट: साखर राईडनंतर कित्येक तासांनी, रात्री झोपेतही उतरू शकते. त्या दिवशी जेवण चुकवू देऊ नका आणि झोपण्यापूर्वी एकदा तपासणी करा.

बीपी आणि हृदय

बीपी १८० बाय ११० किंवा त्याहून जास्त असेल तर आधी औषधोपचाराने ते आटोक्यात आणा, राईड पुढच्या वर्षीही असते. एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या नाडी वाढू देत नाहीत. त्यामुळे मनगटी घड्याळातला आकडा कमी दिसला म्हणून जोर वाढवू नका, बोलण्याची कसोटीच वापरा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असतील तर शरीरातले पाणी आणि क्षार लवकर कमी होतात.

अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्यांना सायकलिंग कायमचे बंद नसते, मात्र हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाव देऊ नये. गरज वाटल्यास ते स्ट्रेस टेस्ट सांगतील. वॉरफेरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असताना पडून डोक्याला मार लागला तर "काही झाले नाही" म्हणून घरी जायचे नाही, थेट रुग्णालयात जायचे.

छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाब, दुखणे, अकारण चक्कर यांपैकी काहीही जाणवले की राईड तिथेच संपली. १०८ वर फोन करा. कोणी कोसळला, हाक मारून हलत नसेल आणि श्वास नीट नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाब देत राहावे. आयोजकांकडे हे येणारे निदान दोन-तीन स्वयंसेवक आहेत का, हे नाव देतानाच विचारा.

काही किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

ताप असताना राईड करू नका, पॅरासिटामॉलने तो उतरलेला असला तरी. विषाणूसंसर्गात हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते आणि अशा वेळी कष्ट केल्यास हृदयाचे ठोके बिघडू शकतात. "पाय दुखू नयेत म्हणून" आधीच डायक्लोफिनॅक घेण्याची पद्धतही वाईट. घामाने पाणी कमी झालेले असताना ही गोळी मूत्रपिंडावर ताण आणते. रक्तदान करून दोन-तीन दिवसांतच घाट चढायला जाऊ नका. रक्तातला द्रवभाग एक-दोन दिवसांत भरून येतो, लाल पेशींना कित्येक आठवडे लागतात.

पाणी घोट घोट, तहानेप्रमाणे प्या. तासाभराहून जास्त राईड असेल तर ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबूपाणी बरे. नुसते साधे पाणी लिटरच्या लिटर पिण्यानेही रक्तातले सोडियम घसरते. मार्चनंतर मराठवाड्यात ऊन लवकर चढते, तेव्हा नऊच्या आत परत या.

पहाटे मोकाट कुत्री सायकलमागे लागतात. वेग वाढवण्याऐवजी उतरून सायकल मध्ये धरा. चावा किंवा ओरखडा बसला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. आपल्या घाटी रुग्णालयात ती मिळते. पडून खरचटले तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारा.

राईडनंतर दोन-तीन दिवस अंग दुखणे ठीक आहे. पण लघवी काळसर चहासारखी झाली, फार कमी होऊ लागली किंवा मांड्या सुजून कडक झाल्या तर स्नायू झिजून त्यांतले घटक मूत्रपिंडात अडकत असण्याची शक्यता असते. अशा वेळी सोमवारची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.