पोटावर टाका आहे, तपासणी कुठे आहे?

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक होती. आरोग्याचा विषय निघाला, तशी साठीतली एक आजी बेंबीखालच्या टाक्यावर हात ठेवून म्हणाली, "शिबिरात ऑपरेशन केलं. तवापासून पोट दुखते. पण काऊन दुखते, ते कोणी इचारलंच नाही."

एम.ए.ला 'लोकसंख्या धोरण' हा विषय मी शिकले होते. त्यात आकडे होते, ही आजी नव्हती. म्हणून हा इतिहास तिच्या बाजूने पुन्हा वाचला पाहिजे.

सुरुवात बाबासाहेबांपासून करू. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत त्यांचा संततिनियमनाचा ठराव आला. ते स्वतः हजर नसल्याने पी. जे. रोहम यांनी तो मांडला. सरकारने संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी द्याव्यात, ही त्यातली मागणी. त्यामागे बाईचे आरोग्य, लादलेली बाळंतपणे आणि गरिबी यांचा विचार होता. सभागृहाने ठराव फेटाळला.

पुढे सरकारने कुटुंब नियोजन स्वीकारले, पण सोयीच्या जागी उद्दिष्ट आले. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. त्या वर्षी ओझे मुख्यतः पुरुषांवर होते. पुरुष चिडले, सरकार पडले आणि ओझे बायकांच्या पोटावर सरकवले गेले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेमुळे एका दिवसात अनेकींचे ऑपरेशन उरकणे सोपे झाले. याचे टोक नोव्हेंबर २०१४ मध्ये शेजारच्या छत्तीसगडमध्ये दिसले. बिलासपूरजवळच्या एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि अनेकींचा जीव गेला. अखेर २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाला अशी शिबिरे बंद करण्याचा आदेश द्यावा लागला.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला. पुढे डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. हा अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते आणि पूर्वी कधी तपासणी व उपचार मिळालेल्या होत्या फक्त ८ टक्के. कुटुंब नियोजनाची मोहीम गावोगाव पोहोचली होती. त्याच गावांत बाईला काय दुखते हे बघायला मात्र कोणी गेले नव्हते. सरकारला तिच्या गर्भाशयाची काळजी होती, तिची नव्हती.

दुसरी गोष्ट औषधाची. औषध शरीरात योग्य जागी कसे पोहोचवायचे, यावर जगभरच्या प्रयोगशाळांत मोठे संशोधन चालते. गडचिरोलीतला प्रश्न त्याच्या आधीचा होता: औषध घरापर्यंत कसे पोहोचवायचे? नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला की ते अंगावर पिणे सोडते, थंड पडते आणि बघता बघता जाते. त्यावरचे जेंटामायसिन जुने आणि स्वस्त औषध आहे. पण ते पोटातून रक्तात नीट शोषले जात नाही, त्यामुळे इंजेक्शनच द्यावे लागते. पावसात नाला भरलेला असताना ओल्या बाळंतिणीने दवाखाना कसा गाठायचा?

'सर्च'ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवले. बाळ तपासायचे, संसर्ग ओळखायचा आणि इंजेक्शन द्यायचे. तिथे हजार जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होत होते; तिसऱ्या वर्षी ते २५.५ वर आले. तुलनेच्या ४७ गावांत ते साठच्या आसपासच राहिले. हे संशोधन १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्या ४७ गावांतल्या बाळांचे काय, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. संशोधनासाठी गरिबाचे गाव नेहमीच हाताशी असते. पण कमी शिकलेली खेड्यातली बाई सुई धरू शकते, हेही याच संशोधनाने सिद्ध केले.

मग झाले काय? २०११ पासून घरोघरी नवजात बालसेवा देशभर आशाताईंवर सोपवली गेली. भेटी आल्या, वजनकाटा आला, फॉर्म आले. इंजेक्शन मात्र तिच्या हाती दिले नाही. २०१४ च्या केंद्राच्या सूचनांनी ते एएनएमपर्यंत आणून थांबवले. सुरक्षिततेचे कारण दिले जाते आणि ते अगदीच खोटे नाही. प्रशिक्षण आणि देखरेख नसेल तर सुई धोक्याचीच. पण मग प्रशिक्षण द्या, देखरेख ठेवा, पगार द्या! तेही नाही. राबायला तिचे पाय हवेत, पण ज्ञान तिच्या हाती द्यायचे नाही. श्रम खाली आणि ज्ञान वर, ही वाटणी आपल्याला चांगलीच ओळखीची आहे. तिला जातिव्यवस्था म्हणतात.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत दोन गोष्टी मागा. ऑपरेशन झालेल्या प्रत्येक बाईची फेरतपासणी झाली पाहिजे. आणि आशाताईला मोबदल्याच्या चिठ्ठ्यांऐवजी पगार व पूर्ण प्रशिक्षण मिळाले पाहिजे. त्या आजीचे पोट अजून दुखते आहे. काऊन दुखते, हे विचारणारा डॉक्टर तिला मिळायलाच हवा.

जय भीम!