ऐशास, तरी आणि हाउएव्हर

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि धरमतरच्या खाडीच्या पूर्वेला, पेणकडे, कंपनी सरकार आले. पश्चिमेला अलिबागची आंग्र्यांची दौलत १८४०पर्यंत टिकली. मधली बावीस वर्षे दोन तीरांवर दोन सरकारे होती, पण मराठी कागद दोन्हीकडे मोडीतच.

मोडीत विरामचिन्हे नव्हती, शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. मग एक बाब संपून दुसरी कुठे सुरू झाली, हे कळायचे कसे? ते काम शब्दच करीत. नवा मुद्दा आला की ‘ऐशास’. कारण सांगून झाले की ‘सबब’. हकीकत संपून आज्ञा सुरू झाली की ‘तरी’. हा ‘तरी’ आजच्यासारखा विरोध दाखवणारा नव्हे, त्याचा अर्थ ‘तेव्हा’. कारकुनाचा पूर्णविराम म्हणजे हे शब्द.

१८३६मध्ये दादोबा पांडुरंगांचे व्याकरण छापून आले. १८५०मध्ये मेजर कँडीने विरामचिन्हांवर पुस्तिका काढली. वाक्य तोडायचे काम आता चिन्हांकडे गेले. शब्दांचे पुढे काय झाले? शालेय व्याकरणात आणि, पण, परंतु, तथापि, म्हणून असे सगळे ‘उभयान्वयी अव्यय’ या एकाच कप्प्यात बसले. मराठीत त्याने काही अडत नाही. इंग्रजीत अडते.

कारण ‘बट’ दोन वाक्ये जोडतो, ‘हाउएव्हर’ जोडत नाही. तो क्रियाविशेषण आहे; पुढच्या वाक्याचे मागच्याशी नाते काय, एवढेच सांगतो. देअरफोर, मोअरओव्हर, नेव्हरदलेस यांचेही तेच. पण मुलाने ‘बट’ म्हणजे परंतु आणि ‘हाउएव्हर’ म्हणजे तथापि असे पाठ केलेले असते. मग तो लिहितो: ‘द रेन स्टॉप्ड, हाउएव्हर, द बोट डिड नॉट लीव्ह.’ दोन्हीकडे स्वल्पविराम, आणि वाक्ये दोन. हवे होते: ‘द रेन स्टॉप्ड; हाउएव्हर, द बोट डिड नॉट लीव्ह.’ अर्धविरामाऐवजी पूर्णविरामही चालेल. वहीवर लाल रेघ पडते, इंग्रजी कच्चे असा शेरा मिळतो. मला हा शेरा अन्यायाचा वाटतो. कच्चा आहे तो कप्पा.

खरे तर हाउएव्हरचा सख्खा भाऊ मराठीत आहे: ‘मात्र’. ‘पाऊस थांबला. होडी मात्र सुटली नाही.’ तो वाक्याच्या पोटात खुशाल बसतो. तिथे ‘पण’ घालून पाहा: ‘होडी पण सुटली नाही’ म्हणजे होडीसुद्धा, अर्थच फिरला. इंग्रजीतही ‘द बोट, हाउएव्हर, डिड नॉट लीव्ह’ चालते, तिथे ‘बट’ चालत नाही. वाक्याच्या मध्ये सरकवता येतो, तो शब्द सहसा जोडणारा नसतो. वर्गात तथापिऐवजी ‘मात्र’पासून सुरुवात केली, तर निम्मे काम होईल.

उरलेले निम्मे अर्धविरामाचे. तो शाळेत शिकवतात, परीक्षेत ओळखायला लावतात. पुढे मराठी लिहिताना फारसे कोणी वापरत नाही.