लहानग्यांच्या ओठी कोणते गाणे द्यावे?



सूर्य हस्त नक्षत्रात गेला की गावोगावी मुली पाटावर हत्ती मांडून फेर धरतात. कोणी त्याला हादगा म्हणते, कोणी भोंडला. चार वर्षांची चिमुरडी ताईचा हात धरून फेरात शिरते, आणि पाहता पाहता तिला गाणे येऊ लागते. तिला कोणी शिकवले? कोणीच नाही. चार-पाच सूर, फिरून फिरून तीच ओळ आणि पायाचा ठेका, एवढ्यावर गाणे गळ्यात उतरते.

हीच पोर शाळेच्या संमेलनात मात्र “तुला गळा नाही, नुसती उभी राहा” असे ऐकते आणि कायमची गप्प होते. चूक पोरीची, की निवडलेल्या गाण्याची?

आपल्याकडे गाण्याची विद्या फार काळ गुरूच्या घरी आणि दरबारी राहिली. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि ती सर्वांसाठी खुली केली. मुलांसाठी त्यांनी ‘संगीत बालप्रकाश’ लिहिले. पण नुसते गुणगुणणाऱ्या बाळाचे काय?

त्याची काळजी बालशिक्षणाने वाहिली. गिजुभाई बधेका यांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर काढले. 1923 साली ताराबाई मोडक तेथे गेल्या. तिथे गाणे हा परीक्षेचा विषय नव्हता. गोष्ट आणि खेळ यांच्या पंक्तीला ते बसले होते. पुढे 1945 साली ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डीला केंद्र उघडले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पाड्यावरची मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. खडे, शिंपले, पाने, बिया हीच तिथली साधने झाली. मुलाच्या अंगणात जे आहे, तेथून आरंभ करायचा, असा हा धडा.

तोच गाण्याला लावून पाहा. पहिले गाणे मुलाच्या घरच्या बोलीतले, त्याने पाहिलेल्या गोष्टींचे असू द्या. पाऊस, गाय, चिमणी, भाकरी. ओळी आखूड हव्यात. टाळी वाजवता येईल असा ठेका हवा. सूर षड्जापासून पंचमापर्यंत, फार तर धैवतापर्यंत जावेत. सिनेमातले गाणे वाईट असते म्हणून नव्हे, तर ते बहुधा कसलेल्या मोठ्या गळ्यासाठी बांधलेले असते म्हणून मुलांना जड जाते.

पेटीची पट्टीही आपल्या सोयीने धरू नका. मुलांच्या माना ताणल्या, आवाज किंचाळू लागला, तर पट्टी उंच झाली. शब्द पुटपुटले जाऊ लागले, तर खाली गेली. गळ्यावर जोर देऊन ओरडायला तर मुळीच लावू नका.

आता ऐकण्याचे. म्हणायला लहान गाणे हवे. ऐकायला मात्र मोठेही चालते. सनई, बासरी, भजन, जात्यावरची ओवी, एखादा राग पाच मिनिटे ऐकवा. मूल कंटाळले की थांबा. समजावून सांगण्याची घाई नको. कान आपले काम करीत असतात.

तेव्हा गुरुजींनो, बाईंनो, उद्या वर्गात मुलांनाच विचारा, “तुमच्या घरी कोणते गाणे म्हणतात?” तेथूनच सुरुवात करा. आणि एकही पोर फेराबाहेर उभे राहणार नाही, एवढे पाहा.