शंकरशेटांनी जागा दिली तेव्हा

१८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या पाठबळावर स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. पाठोपाठ तिच्या मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. कुणी तरी निबंध वाचायचा आणि इतरांनी त्यावर वाद घालायचा, एवढाच सुरुवातीचा व्याप. पण बेहरामजी गांधी या तरुणाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला आणि आता नुसती चर्चा पुरे, असं मंडळींना वाटू लागलं. १८४९ मध्ये त्यांनी मुलींच्या शाळा उघडल्या. शिक्षक तेच, पगार काही नाही. सकाळी आपलं कॉलेज किंवा नोकरी गाठण्याआधी मुलींना पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवायचं. दादाभाई नौरोजी तेव्हा चोवीस वर्षांचे होते. मुली मिळवण्यासाठी ते आणि त्यांचे सोबती घरोघर फिरले. असली भलती गोष्ट सुचवता म्हणून जिन्यावरून खाली ढकलून देईन, असा दम काही बापांनी भरल्याची आठवण दादाभाईंनी पुढे सांगितली आहे.

ही हकिगत सहसा तरुणांच्या धडाडीची म्हणून सांगितली जाते. धडाडी होतीच, पण तेवढ्यावर शाळा उभी राहत नाही. माझ्या मते या प्रकरणातला निर्णायक माणूस तरुण नव्हता. जगन्नाथ शंकरशेट तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. शहरातल्या हिंदू समाजात त्यांच्या शब्दाला मोठं वजन होतं. त्यांनी या पोरांना शाबासकी दिली, उपदेश केला आणि विषय संपवला, असं झालं नाही. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी गिरगावात स्वतःच्या वाड्यात जागा दिली. पारशी मुलींच्या शाळांसाठी कामा घराण्याने पैसा पुरवला. जागा म्हणजे चार भिंती खऱ्याच, पण शंकरशेटांच्या आवारात आपली मुलगी गेली तर जातीत बोभाटा होणार नाही, एवढा भरवसाही बापाला त्यातून मिळाला असणार. तो भरवसा विशीतल्या पोरांना कितीही वक्तृत्व केलं तरी देता आला नसता. तरुणांचं ऐकणं याचा अर्थ मी एवढाच घेतो की, त्यांच्याकडे नसलेली आणि आपल्याकडे असलेली गोष्ट वडीलधाऱ्यांनी त्यांच्या कामाला लावावी.

यावर कुणी म्हणेल, कल्पना साहेबाची आणि पोरं निमित्तमात्र. पॅटन यांचा वाटा मोठा होता, तो नाकारायचं कारण नाही. पण स्त्रीशिक्षणाला उघड पाठिंबा देणारा वुडचा खलिता यायला अजून पाच वर्षं होती. पहाटे उठून शिकवणं आणि दारोदार शिव्या खाणं साहेबाच्या वाट्याला आलं नव्हतं. तरुणांचा उत्साह टिकत नाही, हा दुसरा आक्षेपही इथे लागू पडत नाही. शाळा चालल्या, आणि पारशी शाळांचा पसारा सांभाळायला पुढे वेगळी संस्था उभी राहिली.

तिसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. शंकरशेटांनी ऐकलं ते कॉलेजातल्या, वरच्या थरातल्या मुलग्यांचं. ज्या मुलींसाठी हा खटाटोप चालला होता, त्यांना काय हवं हे कुणी विचारलं नाही. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेने या बाबतीत मुंबईच्या पुढचं पाऊल टाकलं. तिथे शिकणाऱ्या मुक्ता या सुमारे चौदा वर्षांच्या मांग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि ‘ज्ञानोदय’ने तो १८५५ साली छापला. इमारतींच्या पायात मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरत असत, हे तिने लिहिलं. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं आणि थंडी-पावसात त्यांचे काय हाल होतात, हेही लिहिलं. ज्या धर्माच्या ग्रंथांना हात लावायची आपल्याला मनाई आहे, तो धर्म आपला कसा, असा तिचा रोकडा सवाल होता. आणि आपल्या लोकांना तिने कळकळीने सांगितलं की, शिका. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर हवं, ही गरज मुंबईच्या कुठल्या निबंधकाराला सुचली असती असं मला वाटत नाही. त्यासाठी ते घर आतून पाहिलेलं असावं लागतं.